विजेची गाळणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. फार तर आगगाडीचे इंजिन, छापखाना किंवा विमान यांसारखे एखादे मोठे यंत्र. परंतु मोठ्या यंत्रांच्या पोटात निमूटपणे बसून काम करणाऱ्या वस्तूंची बखर सहसा कोणी लिहीत नाही. आज अशाच एका मुक्या वस्तूची हकीकत सांगावयाची आहे. वाचकहो, ही वस्तू तुमच्या घरात आहे, आणि मोजू गेलात तर एका ठिकाणी नव्हे, दहा-वीस ठिकाणी सापडेल. ती रेडिओत आहे, दूरदर्शन संचात आहे, मोबाइलच्या चार्जरमध्ये आहे आणि छताखालच्या एलईडी दिव्यातही आहे. निदान असावयास हवी. तिचे रूढ नाव फिल्टर. आपण तिला गाळणी म्हणू. चहाची गाळणी चोथा अडवते, ही गाळणी विजेतील खळखळ अडवते, एवढाच काय तो फरक.

मी इतिहासाचा अध्यापक. कंडेन्सर आणि चोक यांच्या राज्यात मी का शिरावे, असे कुणी विचारील. पण नभोवाणी आता शंभरीच्या घरात आली आहे, आणि तिच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत या गाळणीचा वाटा केवढा आहे हे पाहिले, म्हणजे इतिहासकाराने तिकडे पाठ फिरविणे बरे दिसणार नाही.

घरगुती रेडिओचा जमाना १९२० नंतरचा. अमेरिकेत पिट्सबर्गचे केंद्र नोव्हेंबर १९२० मध्ये सुरू झाले, इंग्लंडात बीबीसी १९२२ मध्ये बोलू लागली, आणि आपल्या मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळचा व्हॉल्व्हचा संच म्हणजे बॅटऱ्यांचा संसार होता. व्हॉल्व्हमधील तार तापविण्यासाठी आम्लाची एक बॅटरी, प्लेटला पंचेचाळीस किंवा नव्वद व्होल्ट दाब देण्यासाठी कोरड्या सेलांची दुसरी, आणि पुष्कळदा ग्रिडसाठी तिसरी. आम्लाची बॅटरी उतरली की ती उचलून दुकानात भरावयास न्यायची. वाटेत आम्ल सांडले तर धोतराला नाही तर सतरंजीला भोक! कोरडी बॅटरी संपली की तिला फेकून देऊन नवी आणायची. रेडिओ परवडला, पण त्याचा खुराक परवडेना, अशी पुष्कळांची अवस्था होती.

तुम्ही म्हणाल, भिंतीत वीज होती ना? मग तीच का घेतली नाही? होती, पुष्कळ शहरांत होती. मुंबईला तर खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून वीज मिळत होती. पण ही वीज उलट-सुलट वाहणारी. आपल्याकडे तिची दर सेकंदाला पन्नास आवर्तने होतात. म्हणजे ती सेकंदात पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते. व्हॉल्व्हच्या प्लेटला हवा असतो तो बॅटरीसारखा एकाच दिशेने आणि संथपणे वाहणारा प्रवाह. भिंतीतली वीज तशीच आत सोडली, तर गाण्याऐवजी भुंग्यासारखी घूं-घूं ऐकू येणार.

ही अडचण कशी सुटली, ते समजण्यासाठी विहिरीवरची मोट आठवा. मोट आता दुर्मीळ झाली, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेत तर ते सांगतील. बैल पुढे चालले की मोट वर येते, थारोळ्यात भसकन रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. पाणी येते ते असे धक्क्याधक्क्याने. परंतु थारोळ्यातून पाटाने मळ्याकडे जाणारे पाणी मात्र वाहतच असते. थारोळे लहान असेल तर पाटाचे पाणी घडीत फुगते आणि घडीत आटते. थारोळे ऐसपैस असेल तर पाट संथ वाहतो. आणि विहिरीवर दोन मोटा असतील, एक वर येताना दुसरी खाली जात असेल, तर काम आणखीच सोपे होते.

विजेच्या बाबतीत नेमके हेच घडते. मोटेचे काम करतो तो रेक्टिफायर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये काचेची अशी एक नळी तयार केली की जिच्यातून वीज एकाच दिशेने जाऊ शकते. तिच्यामुळे उलटा प्रवाह बंद झाला, पण सुलटा प्रवाह राहिला तो धक्क्याधक्क्यांचाच. एक नळी वापरली तर सेकंदाला पन्नास धक्के. दोन नळ्या आळीपाळीने वापरल्या, म्हणजे दोन मोटांची विहीर केली, तर शंभर. थारोळ्याचे काम करतो कंडेन्सर. तो धक्का आला की वीज साठवून घेतो आणि मधल्या रिकाम्या वेळात ती पुरवीत राहतो. त्याच्या जोडीला असतो चोक, म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर गुंडाळलेली तारेची रीळ. चोकाचा स्वभाव जात्याच्या जड दगडासारखा. जाते एकदा फिरू लागले म्हणजे हात क्षणभर सैल सोडला तरी ते फिरतच राहते, आणि एकदम वेगही घेत नाही. तसाच चोक प्रवाहाला एकदम वाढू देत नाही आणि एकदम पडूही देत नाही. थारोळे आणि जाते यांची ही जोडी म्हणजेच आपली गाळणी.

मौज अशी की या गाळणीचे गणित रेडिओसाठी जन्मलेच नाही. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर एकाच तारेवरून अनेक संभाषणे न्यावयाची तर त्यांना एकमेकांपासून वेगळे कसे करावे, हा प्रश्न होता. अमेरिकेत टेलिफोन कंपनीतील जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वॅग्नर यांनी १९१५ च्या सुमारास स्वतंत्रपणे रिळी आणि कंडेन्सर यांच्या माळा गुंफून तरंग गाळण्याची रीत शोधून काढली. युरोपात महायुद्ध पेटलेले असताना दोन टोकांना बसलेले हे दोघे एकाच उत्तराला पोचले. टेलिफोनसाठी निघालेले हे शास्त्र दहा वर्षांत रेडिओच्या कामी आले.

ती वर्षे १९२५ ते १९२८. बॅटरीच्या जागी ठेवावयाची एक पेटी बाजारात आली. तिचे नाव ‘बॅटरी एलिमिनेटर’, म्हणजे बॅटरीची हकालपट्टी करणारी. पेटीत असे काय? एक ट्रान्स्फॉर्मर, एक रेक्टिफायर आणि आपली गाळणी. अमेरिकेत रेथिऑन नावाची वायू भरलेली रेक्टिफायर नळी १९२५ मध्ये याच कामासाठी निघाली. कॅनडात टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स या पंचविशीतल्या तरुणाने त्याच वर्षीच्या प्रदर्शनात बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ मांडला. पुढे १९२७ मध्ये त्याने जे केंद्र काढले, त्याच्या नावातच ‘बॅटरीविना’ हा शब्द गोवला. शिकागोत पॉल गॅल्विन आणि त्यांच्या भावाने १९२८ मध्ये दिवाळे निघालेल्या एका बॅटरी कंपनीचे एलिमिनेटर बनविण्याचे सामान लिलावात साडेसातशे डॉलरना घेतले आणि धंदा मांडला. पण तोपर्यंत ट्रान्स्फॉर्मर, रेक्टिफायर आणि गाळणी पोटातच घेऊन येणारे संच बाजारात आले होते, तेव्हा वेगळ्या एलिमिनेटरला गिऱ्हाईक उरेना. म्हणून गॅल्विन १९३० मध्ये मोटारीत बसवावयाच्या रेडिओकडे वळले आणि त्याला त्यांनी नाव दिले मोटोरोला. याच कंपनीने १९७३ मध्ये हातात धरून बोलता येईल असा पहिला मोबाइल फोन करून दाखविला. तिचा पाया मात्र एका गाळणीच्या पेटीवर घातलेला होता.

आता गाळणी चांगली की वाईट, यावर संचाची कामगिरी कशी अवलंबून असते, ते थोडक्यात आकड्यांनी पाहू. आकडे आले म्हणून पान उलटू नका. बेरीज-भागाकारापलीकडे यांत काही नाही.

समजा, संचाला ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, सेकंदाला शंभर धक्के येत आहेत आणि थारोळे आहे १६ मायक्रोफॅरडचे. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात दाब फार तर ३७ व्होल्टांच्या आसपास खाली-वर होईल. हा चढउतार तसाच ठेवला तर गाणे ऐकावयास नको. आता पुढे १० हेन्रीचा चोक आणि आणखी एक १६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडा. चढउतार साठ पटींनी कमी होऊन अर्ध्या व्होल्टाच्या जवळपास येतो. संच शांत होतो.

हीच गाळणी तशीच ठेवून दोनऐवजी एकच नळी वापरली, म्हणजे सेकंदाला पन्नासच धक्के आले तर काय होईल? तुम्हांला वाटेल, गुणगुण दुप्पट होईल. नाही, ती आठपट होते! कारण थारोळ्याला दुप्पट वेळ तग धरावा लागतो म्हणून चढउतार दुप्पट होतो. शिवाय चोक आणि दुसरा कंडेन्सर मिळून जो अडथळा करतात, तो धक्के संथ झाले की चौपटीने दुबळा पडतो. एसी आणि डीसी अशा दोन्ही विजांवर चालणारे स्वस्त संच एकाच नळीवर भागवीत, म्हणून त्यांना गाळणी अधिक सढळ हाताने द्यावी लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवा: धक्के जितके जलद, तितकी गाळणी लहान चालते. पन्नास वर्षांनी सगळा डाव याच एका नियमाने फिरला.

मग थारोळे वाटेल तेवढे मोठे करावे की! इथेच खरी मेख आहे. थारोळे मोठे केले की दाब फारसा उतरत नाही. आणि दाब उतरला नाही तर रेक्टिफायरला वीज ओतण्याची संधी मिळते ती धक्क्याच्या अगदी शेंड्यावर, क्षणभरच. दिवसभराचे पाणी तासाभरात भरायचे तर मोट केवढी लागेल? तसेच इथे. रेक्टिफायर एकदशांश वेळच उघडा राहिला, तर त्या वेळात त्याला सरासरीच्या दसपट प्रवाह वाहून न्यावा लागतो. शिवाय संच चालू करताच रिकामा कंडेन्सर अधाशासारखी वीज ओढतो, तो मार वेगळाच. म्हणून व्हॉल्व्हचे कारखानदार आपल्या माहितीपत्रकात छापीत, की पहिला कंडेन्सर अमुक मायक्रोफॅरडपेक्षा मोठा लावू नये. हा इशारा न मानता कुणी गुणगुण थांबवावयास गेले, तर रेक्टिफायर नळीचे आयुष्य कमी झालेच म्हणून समजा.

याला दुसरा मार्ग होता. आधी थारोळे न ठेवता आधी जाते ठेवावयाचे, म्हणजे चोक पहिला आणि कंडेन्सर नंतर. ट्रान्स्फॉर्मर ३०० व्होल्ट देत असेल, तर कंडेन्सर पहिला असता हलक्या भारावर ४२४ व्होल्टांपर्यंत दाब मिळतो. पण प्रवाहाची मागणी वाढली की तो घसरू लागतो. चोक पहिला असता २७० व्होल्टच मिळतात, पण ते बरेचसे स्थिर राहतात आणि रेक्टिफायरवरचा मारही कमी होतो. मोठ्या ध्वनिवर्धकात तबल्याची दणदणीत थाप पडते त्या क्षणी प्रवाहाची मागणी वाढते. त्याच क्षणी दाब खचला, तर थाप चेपलेली ऐकू येते. म्हणून मोठे ध्वनिवर्धक आणि पाऱ्याच्या वाफेच्या नळ्यांवर चालणारे प्रक्षेपक यांत चोक पहिला ठेवण्याची प्रथा पडली. घरगुती संचांत मात्र स्वस्त म्हणून कंडेन्सरच पहिला राहिला. तात्पर्य, गाळणी म्हणजे केवळ आवाज बंद करण्याची युक्ती नव्हे. दाब किती मिळणार, तो किती टिकणार आणि रेक्टिफायर किती दिवस जगणार, हे सगळे तिच्या बांधणीवर ठरते.

काटकसरीचा एक सुंदर नमुना १९३० च्या दशकातील संचांत दिसतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये नव्या पद्धतीचा लाउडस्पीकर प्रसिद्ध केला. जुन्या कर्ण्यातून खर्जाचे सूर नीट येतच नसत, त्यामुळे वीजपुरवठ्याची गुणगुणही फारशी कळत नसे. नव्या स्पीकरने खर्ज आणला आणि त्याबरोबर लपलेली गुणगुणही बाहेर आणली. पण त्यानेच उपायही दिला. या स्पीकरला जोरदार विद्युत्-चुंबक लागे, आणि त्याच्यासाठी हजारो वेढ्यांची तारेची रीळ असे. कारखानदारांनी तीच रीळ गाळणीचा चोक म्हणून जोडून टाकली! एकाच तांब्यात चुंबक झाला आणि चोकही झाला. पुढे कायमचे चुंबक स्वस्त झाले, तशी ही रीळ गेली. तिच्या जागी वेगळा चोक घालावयाचा तर लोखंड आणि तांबे यांचा खर्च आला. म्हणून पुष्कळांनी साधा रोधक, म्हणजे रेझिस्टन्स, घालून भागविले. वरच्याच हिशेबात दहा हेन्रीच्या चोकाऐवजी हजार ओहमचा रोधक घातला, तर चढउतार साठ पटींऐवजी दहाच पटींनी कमी होतो आणि साठ व्होल्ट फुकट जळून जातात. ही उणीव भरून काढली ती मोठमोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांनी.

या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांचीही कथा जुनी आहे. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने १८९६ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक पातळ थर चढवून द्रवात बुडविलेल्या कंडेन्सरचे पेटंट मागितले. १९२५ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल रुबेन यांनी तो द्रव कागदात मुरवून जवळजवळ कोरडा कंडेन्सर तयार केला. ४५० व्होल्ट सोसणारा हा थर माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा पातळ असतो. म्हणूनच एवढी मोठी साठवण अंगठ्याएवढ्या डबीत मावते. पण त्याचा दोष असा की तो वाळतो. जुना रेडिओ गुणगुणू लागला की दुरुस्ती करणारा कारागीर आधी तीच डबी तपासतो. उष्णता ही तिची वैरीण. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी ठेवले तर तिचे आयुष्य दुप्पट होते.

मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध १९४७ चा, आणि १९६० च्या दशकात सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर रेडिओ शेताच्या बांधावर जाऊन पोचले. सेलवर चालणाऱ्या संचात गुणगुण नाही, म्हणून गाळणीही नको. गाळणीचे दिवस संपले, असे वाटावयास हरकत नव्हती. पण तेवढ्यात संगणक आला. त्याला हवे पाच व्होल्ट, पण प्रवाह दहा-दहा अँपिअर. जुन्याच हिशेबाने पाहा: दहा अँपिअरला एका व्होल्टापेक्षा जास्त चढउतार नको असेल तर एक लाख मायक्रोफॅरडचे थारोळे लागते! शिवाय जड ट्रान्स्फॉर्मर, उष्णता आणि पंख्याची घरघर.

येथे पूर्वी सांगितलेला नियम कामाला आला. धक्के जलद केले तर गाळणी लहान होते ना? मग पन्नास-शंभर धक्क्यांवर का थांबा? भिंतीतली वीज आधी एकदिश करून साठवावयाची आणि मग ट्रान्झिस्टरच्या चाकूने तिचे सेकंदाला हजारो तुकडे करावयाचे. या तुकड्यांना लागणारा ट्रान्स्फॉर्मर मुठीत मावतो. सेकंदाला शंभरऐवजी एक लाख धक्के केले, तर तेवढाच अडथळा करण्यासाठी चोक आणि कंडेन्सर यांचा गुणाकार दहा लाख पटींनी लहान चालतो. दहा हेन्रीच्या जागी शंभर मायक्रोहेन्री आणि सोळा मायक्रोफॅरडच्या जागी दीडएक मायक्रोफॅरड! लष्करी आणि अंतराळातील उपकरणांत ही रीत आधीच होती. १९७७ मध्ये ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी रॉड होल्ट यांनी असा हलका, पंख्याशिवाय चालणारा वीजपुरवठा बनविला. आज तुमच्या खिशात मावणारा चार्जर याच घराण्यातला.

म्हणजे प्रश्न मिटला? वाचकहो, या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. खळखळ नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली. पूर्वीचे शंभर आवर्तनांचे गुणगुणणे संचाच्या आतच राहत असे. आता सेकंदाला लाख वेळा वीज चिरणारा हा चाकू लाखाच्या पटीतल्या लहरी बाहेर फेकतो: सहा लाख, सात लाख, आठ लाख. आणि मध्यम लहरींवरील नभोवाणी नेमकी तिथेच वसली आहे, सुमारे सव्वापाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत. चाकूची ही किरकिर घरातल्या तारांवरून शेजाऱ्याच्या रेडिओत जाऊन पोचते. म्हणून अशा पुरवठ्याला आणखी एक गाळणी लागते, ती दारात. आतली गाळणी तुमच्या उपकरणाचे रक्षण करते. दारातली गाळणी तुमच्यापासून शेजाऱ्याचे रक्षण करते. एका कड्यावर गुंडाळलेल्या दोन रिळी आणि तीन-चार लहान कंडेन्सर, एवढाच तिचा पसारा.

शेजाऱ्याचा असा विचार नवा नाही. विजेच्या यंत्रांनी रेडिओत होणाऱ्या उपद्रवाला आळा घालण्यासाठी १९३४ मध्येच पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय समिती भरली. ती अजूनही काम करते. घरगुती संगणकांमुळे दूरदर्शनच्या चित्रात मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्यासाठी नियम घातले. दुसरा त्रास वीजवाहिन्यांना होऊ लागला. पहिला कंडेन्सर क्षणभरच पण दसपट प्रवाह ओढतो, हे आपण पाहिले. असे शेकडो संगणक एका इमारतीत आले, की तीन फेजच्या जोडणीत जी न्यूट्रल तार जवळजवळ रिकामी असावी, तीच तापू लागते. त्यावरही १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघाले आणि २००१ पासून युरोपात ते लागू झाले.

एवढे जलद धक्के आले की कंडेन्सरचीही कसोटी बदलते. आता साठवण किती, यापेक्षा त्याच्या अंगचा रोध किती, हे महत्त्वाचे ठरते. कारण तो रोध वाढला की गाळणी गळू लागते आणि कंडेन्सर स्वतःच तापतो. २००० च्या आसपास सदोष द्रव भरलेले लाखो कंडेन्सर जगभर विकले गेले. वर्षा-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगली, काही फुटले, आणि चांगले संगणक केवळ या रुपया-दोन रुपयांच्या भागापायी निकामी झाले.

आता आपल्या घराकडे येऊ. उजाला योजनेखाली २०१५ पासून देशात छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. विजेची बचत झाली, उत्तम झाले. पण प्रत्येक एलईडी दिव्यात एक वीजपुरवठा असतो, आणि बाजारातील अगदी स्वस्त मालात काटकसरीची पहिली कुऱ्हाड पडते ती गाळणीवर. असा चार्जर उघडून पाहिला तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. छापील पाटीवर चोकाची जागा आखलेली आहे, कंडेन्सरची जागा आखलेली आहे. पंगतीत पाट मांडलेले आहेत, पण पाहुणे आलेलेच नाहीत! चोकाच्या जागी तारेचा एक तुकडा डाक लावून टाकलेला असतो. आराखडा करणाऱ्याला गाळणी हवी होती. विकणाऱ्याने ती गाळली. उपकरण चालते, म्हणून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. कळते ते रेडिओ ऐकणाऱ्याला.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या, मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा, आणि चालू असलेल्या एकेका चार्जरजवळ व दिव्याजवळ न्या. चांगल्या गाळणीच्या उपकरणाशी हातभर अंतरावर तो शांत राहील. गाळणी गाळलेल्या उपकरणापाशी तो करकरू लागेल. आतल्या गाळणीची परीक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्याने होते. दिवा कॅमेऱ्यातून पाहिला असता आडवे काळे पट्टे सरकताना दिसले, तर त्यातले थारोळे अपुरे आहे आणि तो सेकंदाला शंभर वेळा मिणमिणत आहे असे समजावे. दिवा घेताना दुकानातच या दोन परीक्षा करून घ्यावयास काय हरकत आहे? दुकानदार पहिल्यांदा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी तसे केले तर पुढच्या खेपेला तो माल निवडून आणील.

यात रेडिओ ऐकणाऱ्यांची हौस तेवढी आहे, असे समजू नका. तुमच्याही अनुभवाला आले असेल, की गावची वीज गेली म्हणजे रेडिओ एकदम स्वच्छ ऐकू येतो. महापुरात किंवा वादळात मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा दूरवरच्या एका मध्यम लहरींच्या केंद्राचा आवाज सेलवरच्या रेडिओत पोचू शकतो. पण एरवी रोज करकर ऐकून कंटाळलेल्या माणसाने तो रेडिओच घरात ठेवला नसेल, तर त्या रात्री केंद्राने बोलून तरी उपयोग काय?

ज्या गाळणीने शंभर वर्षांपूर्वी रेडिओला बॅटऱ्यांच्या कचाट्यातून सोडविले आणि दिवाणखान्यात आणून बसविले, तीच गाळणी चार पैशांसाठी गाळल्यामुळे आज त्याच रेडिओचा आवाज बुडतो आहे. हे थांबविण्याचे शास्त्र १९१५ मध्येच सापडलेले आहे आणि नियम १९३४ पासून लिहिले जात आहेत. उरले आहे ते, दारातल्या त्या दोन रिळी आणि चार कंडेन्सर जागेवर आहेत की नाहीत, हे पाहून माल घेण्याचे काम. ते मात्र तुमच्या-माझ्याच हाती आहे.